बिनकचऱ्याचं घर

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीने विचारलं होतं, "मुलाची आई काय करते म्हणालीस?"

मी म्हटलं, "नगरपालिकेत आहे. गाडी चालवते."

मावशीच्या डोळ्यांसमोर साहेबांची पांढरी गाडी आली असावी. ती खूश झाली, आणि मीही तिची खुशी मोडायला गेले नाही. माझ्या सासूबाई कचरागाडी चालवायच्या. हिरवी गाडी, डाव्या बाजूला ओला कचरा, उजव्या बाजूला सुका, आणि वर एक भोंगा. तो भोंगा ऐकला की गल्लीतली माणसं अर्धवट विंचरलेल्या केसांनी, तोंडात ब्रश धरून बादल्या घेऊन बाहेर पळत.

गल्लीतले लोक त्यांना मावशी म्हणत. नगरपालिकेच्या गाडीतळावर मात्र त्यांचं नाव पडलं होतं 'पत्रकार'. कारण सासूबाईंना प्रश्न पडत. साधेसुधे नाहीत, चिवट प्रश्न. एकदा पडला की जळवेसारखा चिकटायचा. तीन माणसांच्या घरातून अचानक दुधाच्या एवढ्या पिशव्या का निघतात? नव्या कपाटाचा खोका बाहेर आला, मग जुनं कपाट कुठे गेलं? जेवताना त्या हे सगळं आमच्यासमोर मांडायच्या. माझा नवरा वैतागायचा.

"आई, लोकांच्या कचऱ्यात डोकं घालू नकोस गं."

"डोकं कुठे घालते? डोळे आपोआप जातात."

सासरे शिंपी. बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन होतं, आणि तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे त्यांना बोलायचं नसलं की बरं पडायचं. त्यांनी एकदा टाचण्या काढून मला सांगितलं होतं, "हिला कळलं नाही तर हिला जेवण जात नाही, आणि कळलं तर आपल्याला जेवू देत नाही."

ते खरंच होतं. सासूबाईंच्या पोटात काही राहत नसे. म्हणूनच पुढे जे घडलं त्याचं मला अजून नवल वाटतं.

त्यांच्या फेरीत शाळेजवळची एक चढाची गल्ली होती. गल्लीच्या टोकाला पिवळ्या फाटकाचं बैठं घर. तिथे एक निवृत्त गृहस्थ राहत. बारा महिने हातात छत्री, म्हणून सगळे त्यांना छत्रीवाले म्हणत. ऊन असो, ढग असो, काही नसो, छत्री असायचीच. गाडी फाटकाशी थांबली की ते दारात येऊन उभे राहत, मान लववत.

"काका, कचरा?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "काका, कचरा?" "आज नाही." असे कितीतरी महिने गेले. कधी एक कांद्याचं साल नाही, कधी एक रिकामी पुडी नाही.

सासूबाईंचं डोकं भणाणून गेलं. "अगं, माणूस आहे म्हणजे कचरा असणारच," त्या मला भाजी निवडताना म्हणाल्या. "बघ, आपण दोघी नुसत्या बसलोय तरी ढीग झाला. मग यांचं जातं कुठे?"

"परसात पुरत असतील. खत करत असतील."

"मी फाटकातून बघितलं. सगळीकडे फरशी आहे. आणि प्लास्टिकचं काय खत करणार?"

गाडीवर मागे उभा राहणारा त्यांचा सहकारी होता. तो काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याचं मत होतं की छत्रीवाले काही खातच नाहीत. सासरे म्हणाले, "जाळत असतील." सासूबाईंनी दोन दिवस त्या घराच्या धुराड्याकडे बघितलं. धूर नव्हता.

मग त्या किराणा दुकानदाराकडे गेल्या. साबण घ्यायच्या निमित्ताने.

"छत्रीवाले काय काय नेतात हो तुमच्याकडून?"

दुकानदार हसला. "सगळे नेतात तेच. साखर, बिस्किटं, काडेपेटी. आणि हो, केसांच्या पिना."

सासूबाई घरी आल्या त्या पायातल्या चपला न काढताच बोलायला लागल्या. "पिना! डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही त्या माणसाच्या! टकलाला पिना कशाला गं?"

छत्रीवाल्यांची बायको त्याच शाळेत शिक्षिका होती. अर्ध्या गल्लीला तिने शिकवलेलं. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. पण बाई परगावी मुलीकडे गेल्या होत्या, तिकडेच राहणार होत्या, असं छत्रीवाल्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. मग पिना कोणासाठी? सासूबाई तो साबणही दुकानातच विसरून आल्याचं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्याच सुमारास ओढ्याचं प्रकरण पेटलं.

चढाच्या गल्लीच्या खाली एक ओढा आहे आणि त्यावर छोटा पूल. पुलापाशी कचऱ्याचा ढीग साठलेला. उचलला की आठवड्यात पुन्हा हजर. फाटक्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, पिशव्या, काय म्हणाल ते. नगरपालिकेने ठरवलं होतं की ओढ्याच्या काठाने पायवाट करायची, झाडं लावायची, बसायला बाकडी टाकायची. काम मंजूर झालं होतं. पण हा ढीग हलत नाही तोवर काम सुरू होणार नाही, आणि फार वेळ लागला तर ते दुसऱ्या प्रभागाला जाईल, असं नगरसेविकेने सांगून टाकलं. लोक हवालदिल झाले. ढीग कोण करतं ते शोधा, अशी ओरड सुरू झाली.

छत्रीवाल्यांच्या शेजारी एक काकू राहायच्या. त्यांचा बराचसा दिवस गच्चीवर जायचा, म्हणून त्या गच्चीवाल्या काकू. त्यांनी गाडीपाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शोधायचं काय त्यात? ज्याच्या घरातून गाडीत काही येत नाही, त्याचं ओढ्यात जातं. सरळ हिशेब आहे."

लोकांनी माना डोलावल्या. छत्रीवाले फाटकात उभे होते. ते छत्री काखेत घेऊन आत गेले.

सासूबाईंना ते खटकलं. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मी शोध लावते. मग काय ते बोला."

सुट्टीच्या दिवशी त्या चांगली साडी नेसून सकाळीच निघाल्या. नवऱ्याने विचारलं, "कुठे?" तर म्हणाल्या, "फिरायला." आमच्या घरात कोणी फिरायला जात नाही. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

दुपारी परत आल्या. हातपाय धुतले, पानावर बसल्या, आणि गप्प. मी वाढत होते, वाट बघत होते. सासऱ्यांनी तर टाचण्यासुद्धा आधीच काढून ठेवल्या होत्या.

शेवटी नवऱ्यानेच तोंड उघडलं. "मग? लागला का शोध?"

"आमटी वाढ थोडी," त्या मला म्हणाल्या.

"आई, मी विचारतोय."

"मी जेवतेय."

मला वाटलं त्यांना बरं नाहीये. कपाळाला हात लावून बघितला. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला. त्या दिवशी काय झालं ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तेही लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा. मी ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

छत्रीवाले सकाळी घराबाहेर पडले, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. सासूबाई मागे. ते ओढ्याकडे वळलेच नाहीत. मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या प्रभागात गेले. तिथे एक वेगळी कचरागाडी उभी होती. तिचा चालक, ज्याला गाडीतळावर मिशा म्हणतात, सासूबाईंच्या ओळखीचा. छत्रीवाल्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात नीट बांधलेलं गाठोडं काढलं, गाडीत टाकलं आणि वळले. समोर सासूबाई.

"काका, माझी गाडी तुमच्या दारात येते," त्या म्हणाल्या. "मग एवढ्या लांब का?"

छत्रीवाल्यांचा चेहरा पडला. ते तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "चला. बघा, आणि मग काय सांगायचं ते सांगा लोकांना."

पिवळ्या फाटकाच्या आत, मागच्या खोलीत, खिडकीपाशी बाई बसल्या होत्या. केस नीट विंचरून पिना लावलेले. समोर घरातले सगळे चमचे. त्या एकेक चमचा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत होत्या, सगळे झाले की परत पहिल्या बाजूला. सासूबाईंना बघून म्हणाल्या, "पाढे पाठ झाले का?"

"थोडे राहिलेत, बाई."

"मग इथे काय करतेस?"

बाई कुठे गेल्याच नव्हत्या. त्यांना हळूहळू सगळ्याचा विसर पडत चालला होता, माणसांचा, वेळेचा, घराचा. छत्रीवाले सांगत होते, "ती स्वतःच म्हणाली होती. तेव्हा तिला कळत होतं. म्हणाली, अर्ध्या गल्लीचे कान मी पिळलेत, त्यांनी मला असं बघायला नको. मी शब्द दिला. मुलगी येते, पण तिचाही संसार आहे. आता कचऱ्यात मोठ्यांचे डायपर असतात. शेजारच्या गच्चीवर दुर्बीण नाही एवढंच. कोणी बघितलं की प्रश्न आलेच. म्हणून लांब जातो."

"पण रोज माझ्या गाडीत साधं सालसुद्धा नाही?"

"ते वेगळं. ही घरातल्या वस्तू कचऱ्यात टाकते. माझा चष्मा, किल्ल्या, स्वतःच्या कानातलं. मला सगळा कचरा कागदावर पसरून एकेक बघावा लागतो. तुमची गाडी येते तेव्हा माझं ते चाललेलं असतं."

सासूबाईंनी मला हे सांगताना म्हटलं, "माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा विचारायला काही उरलं नाही. मग मी आपलं विचारलं, बाई जेवतात का नीट? तर तो माणूस तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागला."

निघताना त्यांनी एक तोड सुचवली. फेरी संपवून गाडी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी थांबवायची. तिथे वर्दळ नसते. छत्रीवाल्यांनी तिथे गाठोडं द्यायचं. एवढ्या उन्हातान्हात पलीकडच्या प्रभागापर्यंत जायची गरज नाही.

आमच्या घरात मात्र नुसता बंद दरवाजा. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, भांडी घासताना विचारलं. नवऱ्याने तर्क लढवले. सासरे म्हणाले, "हिने नवस केलाय बहुतेक." पण सासूबाई बधल्या नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या प्रश्नांनी आम्हाला छळलं होतं, आता त्यांच्या गप्प बसण्याने छळायला लागलं.

मग शाळेच्या सभागृहात प्रभागाची सभा झाली. मीही गेले, उत्सुकतेपोटीच. नगरसेविका पुढे बसलेल्या, शेजारी स्वच्छता निरीक्षक. नगरसेविका तरुण, चटपटीत बाई, कामाची. सारखी घड्याळ बघायची सवय. ओढ्याचा विषय निघताच गच्चीवाल्या काकू उभ्या राहिल्या.

"मावशी शोध लावणार होत्या. लागला का ते सांगा म्हणावं."

सगळे मागे वळून सासूबाईंकडे बघायला लागले.

"छत्रीवाले ओढ्यात काही टाकत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"मग कुठे टाकतात?"

"गाडीत."

"कुठल्या गाडीत? मी रोज दारात उभी असते. आणि बरं आठवलं," काकूंचा आवाज चढला, "तुमची गाडी फेरी झाल्यावर शाळेच्या मागे थांबते. मी गच्चीवरून बघते. ते तिथे तुम्हाला पिशवी देतात. काय असतं त्या पिशवीत?"

"कचरा."

सभागृहात हशा पिकला. निरीक्षक हसले नाहीत. "मागच्या भिंतीला आपला थांबा नाही," ते म्हणाले. "कोणाच्या परवानगीने गाडी थांबते?"

"माझ्या."

"का पण? ते दारात का देत नाहीत? तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग?"

"उत्तर मिळालं."

"अहो, काय मिळालं?"

सासूबाईंनी पदर सावरला. "ते माझ्याकडे राहील, साहेब."

कोणीतरी मागून म्हणालं, "काहीतरी देणंघेणं दिसतंय." मी वळून बघितलं तर ज्याच्या तोंडी ते वाक्य होतं तो माणूस खाली बघायला लागला. सासूबाईंचे कान लाल झाले. मला माहीत आहे, कारण मी शेजारी बसले होते. त्यांना उठून दोन वाक्यं बोलायचा अवकाश होता. सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्या बसून राहिल्या.

नगरसेविका म्हणाल्या, छत्रीवाल्यांना नोटीस द्यायची की नाही ते पुढच्या सभेत ठरवू. निरीक्षक बाहेर पडताना सासूबाईंना म्हणाले, "असंच चाललं तर मला तुमची फेरी बदलावी लागेल."

घरी येताना त्या स्कूटरवर माझ्या मागे बसल्या होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा अचानक म्हणाल्या, "पण मग तो ढीग होतो कुठून?"

माझ्या जिवात जीव आला. आमच्या सासूबाई परत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर त्या सासऱ्यांना घेऊन पुलापाशी गेल्या. सासऱ्यांनी नाकाला रुमाल बांधला, हातात कापड मोजायची लाकडी पट्टी घेतली. दोघांनी मिळून ढीग उकरला. सासरे मला नंतर म्हणाले, "आमचं लग्न झालं तेव्हासुद्धा आम्ही असे दोघंच कुठे गेलो नव्हतो." वर गाद्या आणि पिशव्या होत्या, पण खाली वेगळंच निघालं. फुटके सिमेंटचे पाइप, जुन्या गटाराच्या फरश्या, विटांचे तुकडे. गल्लीतलं गटार नवं केलं तेव्हाचा मलबा. काम झाल्यावर तो कोणी नेलाच नव्हता.

मग त्यांनी गाडीपाशी येणाऱ्या एकेकाला हळूच विचारायला सुरुवात केली. ओरडून नाही, दमात घेऊन नाही. "तुमची ती निळी गादी पुलापाशी दिसली. तिथे कशी काय गेली?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरंच कुतूहल असलं की माणूस खोटं बोलायला विसरतो.

"अहो मावशी, गाडीत मोठं सामान घेत नाहीत ना. आणि तिथे आधीपासून पडलेलंच होतं."

दहा घरांत विचारलं तरी 'आधीपासून पडलेलंच होतं' हेच उत्तर. गच्चीवाल्या काकूंच्या घरातली एक खुर्चीसुद्धा त्यात होती. ती काकूंच्या जावयाने टाकली होती, काकूंना पत्ता नव्हता.

सासूबाईंनी हे नगरसेविकेच्या कार्यालयात जाऊन सांगितलं. मी सोबत होते. मला वाटलं आता इथे जुंपणार. पण नगरसेविकेने घड्याळ बघायचं सोडून सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"म्हणजे आपल्याच गटाराचा मलबा! आणि मी दुसऱ्यांना नोटीस काढायला निघालेय." तिथल्या तिथे फोन लावून त्यांनी गटाराच्या ठेकेदाराला झापलं. मग सासूबाईंना विचारलं, "मोठ्या सामानासाठी गाडी सोडायची तर कुठला दिवस बरा?"

"सुट्टीचा. माणसं घरी असतात."

मलबा हलला. मोठ्या सामानाची गाडी सुरू झाली. लगेच सगळं लख्ख झालं असं मात्र नाही. दोनदा पुन्हा पिशव्या आल्या, एकदा तर कोणी अख्खी मोरी फरशीसकट उखडून आणून टाकली. ती कुठून आली हे सासूबाईंना अजून कळलेलं नाही आणि तो विषय काढला की त्या अस्वस्थ होतात.

छत्रीवाल्यांबद्दलची कुजबुज मात्र थांबली नाही. ओढ्यात टाकत नाहीत, मग लपवतात काय?

एका सकाळी सासूबाई चष्मा घरी विसरून गेल्या. मी तो द्यायला स्कूटर काढून चढाच्या गल्लीत गेले. गाडी पिवळ्या फाटकापाशीच होती. नेहमीसारखी माणसं बादल्या घेऊन जमलेली. काकू दारात. आणि मी स्कूटर लावते तोच फाटक उघडलं आणि बाई बाहेर आल्या.

मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे बघून मला कळलं त्या कोण. अंगात घरातला झगा, त्यावर नवऱ्याचा उलटा घातलेला स्वेटर. हातात केराची बादली. त्या थेट गाडीपाशी आल्या आणि बादली सासूबाईंसमोर धरली.

"हे घे."

सासूबाईंनी आत बघितलं. बादलीत एक चप्पल होती आणि भिंतीवरचं घड्याळ.

"बाई, हे घड्याळ आहे."

"मग? बंद पडलंय ते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आजूबाजूला जमलेल्यांकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? घोळका कसला? रांग करा."

कोणी हललं नाही. गल्लीत नुसती गाडीची घरघर. मग सासूबाईंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरल्या आणि फाटकाच्या भिंतीला लागून ताठ उभ्या राहिल्या. पैलवान त्यांच्या मागे. तेवढ्यात गच्चीवाल्या काकू, हातातली बादली खाली ठेवून, पैलवानाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग बँकेत जाणारे गृहस्थ. मग आणखी दोघी.

"नखं दाखवा."

सगळ्यांनी हात पुढे केले. सासूबाईंच्या हातात रबरी मोजे होते, ते त्यांनी घाईघाईने काढले. बाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"स्वच्छ आहेत," म्हणाल्या. मग काकूंपाशी आल्या. "तुझी मात्र नेहमीचीच."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "उद्या कापून येते, बाई."

तोवर छत्रीवाले धावत बाहेर आले, अर्ध्या गालाला दाढीचा फेस तसाच. रांग बघून ते फाटकात खिळले. समोरच्या खिडकीतून एक तरुण फोन वर धरून हसत हे टिपत होता. काकूंनी रांगेतूनच अशी आरोळी ठोकली की खिडकी बंद झाली. बाईंनी वळून त्यांना दटावलं, "वर्गात ओरडायचं नाही."

काकूच मग बाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेल्या. छत्रीवाले सासूबाईंकडे आले.

"मी शब्द दिला होता तिला."

"तुम्ही मोडला नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "त्या स्वतःच्या पायांनी आल्या."

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पिनांपासून चमच्यांपर्यंत. बोलता बोलता आमटी करपली. मी विचारलं, "आई, सभेत लोक वाट्टेल ते बोलले. आम्हालासुद्धा नाही सांगितलंत. कसं जमलं?"

"जमलं कुठे? गाडीत एकटीच बडबडायचे. पैलवानाला वाटलं मला लागीर झालंय."

पुढच्या सभेत नोटिशीचा विषय कोणी काढला नाही. निरीक्षकांनी शाळेच्या मागच्या भिंतीला रीतसर थांबा दिला, पण तोवर त्याची गरज उरली नव्हती. छत्रीवाले दारातच पिशवी देऊ लागले. त्यांना बाजारात जायचं असलं की काकू, नाहीतर बाईंचा कोणीतरी जुना विद्यार्थी, खिडकीपाशी जाऊन बसे. सगळेच चांगले वागले असं नाही. काही जण फाटकासमोरून जाताना उगाच रेंगाळून आत डोकावायचे. काकूंनी त्यांना नावं ठेवून पळवून लावलं.

ओढ्याकाठची पायवाट झाली. झाडं अजून गुडघ्याएवढीच आहेत. बाई एकदाच तिथे आल्या, बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या की हा वर्ग हवेशीर आहे. त्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेत, त्रास न होता.

नंतर काही दिवसांनी छत्रीवाल्यांनी सासूबाईंना दारात थांबवलं. हातात एक न फोडलेला डायपरचा मोठा गठ्ठा होता.

"हे कचऱ्यात टाकवत नाही," ते म्हणाले. "कोणाला उपयोगी पडेल?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "पडेल," म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी मला स्कूटर काढायला सांगितली. गठ्ठा मांडीवर घेऊन मागे बसल्या. डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे, असं सांगत त्यांनी मला त्यांच्या फेरीतल्या एका लांबच्या कोपऱ्यावर आणलं आणि म्हणाल्या, "इथेच थांब. तू येऊ नकोस."

त्या वळणाआड गेल्या. मी गाडी बंद करून उभी राहिले. मान जरा लांब केली तर दिसलं असतं कुठल्या घराची कडी वाजतेय ते. मला फार फार वाटलं बघावंसं. मी समोरच्या दुकानावरची पाटी वाचत राहिले, पुन्हा पुन्हा, त्या येईपर्यंत.

"चल," त्या मागे बसत म्हणाल्या. "वाटेत दूध घ्यायचंय."